जुनं विमान तिकीट कसं वाचायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घराण्याचा इतिहास शोधताना घरातल्या कागदांचा उपयोग कसा करायचा, यावर गेल्या महिन्यात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यांतले बरेचसे विमानप्रवासाच्या कागदांबद्दल निघाले. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत विमान तिकिटाचं एक लहानसं पुस्तक सापडलं. आत दोनच पानं शिल्लक आहेत, बाकीची फाडलेली. अशा अर्धवट तिकिटातून काही कळतं का?

उत्तर : पुष्कळ कळतं. कोणती पानं फाडली गेली आणि कोणती राहिली, इथूनच सुरुवात करा.

कागदी तिकिटाच्या पुस्तकात साधारणपणे एक हिशेबाची प्रत, एक एजंटाची प्रत, चारपर्यंत फ्लाइट कूपनं आणि शेवटी प्रवाशाची प्रत असे. प्रत्येक पानाच्या पाठीला लाल कार्बन लावलेला असे, त्यामुळे वरच्या पानावर लिहिलेलं सगळं खालपर्यंत उमटे. हिशेबाची आणि एजंटाची प्रत तिकीट देतानाच निघून जाई. प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याला काउंटरवर एकेक फ्लाइट कूपन फाडून घेत. टप्पे चारपेक्षा कमी असले, तर उरलेल्या कूपनांवर ‘व्हॉइड’ लिहून तीही काढून टाकत. म्हणून ठरल्याप्रमाणे प्रवास झाला असेल, तर घरी फक्त वेष्टन, नियमांची बारीक छपाईची पानं आणि प्रवाशाची प्रत एवढंच उरतं.

तुमच्याकडच्या दोन पानांपैकी एक प्रवाशाची प्रत असेल आणि दुसरं फ्लाइट कूपन असेल, तर त्या कूपनावरचा क्रमांक बघा. समजा ते क्रमांक दोनचं कूपन आहे आणि त्यावर परतीचा टप्पा लिहिला आहे. याचा अर्थ परतीचा प्रवास या तिकिटावर झाला नाही. पैसे परत घेतले असते किंवा तिकीट बदलून घेतलं असतं, तर कूपन कंपनीकडे जमा करावं लागलं असतं. म्हणजे परतीचे पैसे भरले, पण माणूस त्या तिकिटावर परतला नाही. तो तिथेच राहिला का, बोटीने आला का, की तिकिटाची मुदत संपून गेली? पुढचा शोध या प्रश्नापासून सुरू होतो. एकच अपवाद लक्षात ठेवा : तिकीट हरवलं म्हणून हमीपत्र देऊन दुसरं घेतलं आणि पहिलं नंतर सापडलं, असंही होत असे.

उलट फ्लाइट कूपनं गेलेली आहेत, एवढ्यावरून प्रवास झालाच असं धरू नका. तिकीट रद्द करतानाही ती फाडून घेतली जात. प्रवास झाला हे ठरवायला पासपोर्टवरचा शिक्का, बोर्डिंग पास किंवा सामानाच्या टॅगचा तुकडा हवा.

यानंतर प्रवाशाच्या प्रतीवरचे हे चौकोन वाचा. ‘तिकीट दिल्याची तारीख आणि जागा’ इथे एजंटाच्या यंत्राचा ठसा असतो. त्यात एजंटाचं नाव आणि शहर दिसतं. त्या वेळी कुटुंब कुठल्या शहरात राहत होतं, याचा तो चांगला माग आहे. ‘पैसे कसे दिले’ या चौकोनात रोख, चेक यांच्याऐवजी ‘पीटीए’ ही अक्षरं दिसली, तर तिकिटाचे पैसे दुसऱ्या गावी, बहुतेक वेळा दुसऱ्या देशात, कुणीतरी आधी भरले होते. आधी गेलेला भाऊ, नवरा किंवा नोकरी देणारी कंपनी असा हा माणूस असतो आणि वंशावळीत त्याचाच पत्ता लागत नसतो. ‘मूळ तिकीट’ किंवा ‘बदल्यात दिलेलं’ या चौकोनात आकडे असले, तर हे तिकीट आधीच्या तिकिटाच्या बदल्यात दिलेलं आहे. तो क्रमांक टिपून ठेवा, कारण ते आधीचं तिकीट घरातल्या दुसऱ्या पाकिटात असू शकतं. टप्पे चारपेक्षा जास्त असले, की लागोपाठ क्रमांकांची दोन-तीन पुस्तकं जोडून देत. आकडे सलग असले तर ती एकाच प्रवासाची समजा.

तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, पॅन ॲमचे ०२६, एअर फ्रान्सचे ०५७, केएलएमचे ०७४, क्वांटासचे ०८१, लुफ्तान्साचे २२०. वेष्टन हरवलेल्या सुट्या कूपनावर कंपनी ओळखायला हेच आकडे उपयोगी पडतात.

प्रश्न : तिकिटावर ‘१४ ऑगस्ट’ आहे, पण साल कुठेच दिसत नाही. साल कसं काढायचं?

उत्तर : फ्लाइटच्या रकान्यात फक्त दिवस आणि महिना लिहायची पद्धत होती. साल असतं ते तिकीट दिल्याच्या तारखेत, आणि नेमका तोच ठसा शेवटच्या प्रतीवर पुसट उमटतो. आधी तो अंधाऱ्या खोलीत, टॉर्च कागदाला जवळजवळ आडवी धरून बघा. शाई गेली असली तरी दाबाचा खळगा राहतो आणि त्याची सावली पडते. तरीही लागलं नाही, तर चारही बाजूंनी साल आवळत आणावं लागतं. ते कसं, ते एका उदाहरणात बघू.

समजा तिकीट बीओएसीचं आहे, मुक्काम न्यूयॉर्क, आणि त्याच प्रवासाबद्दलच्या घरच्या पत्रात ‘शुक्रवारी जेटने निघतोय’ असं लिहिलं आहे. बीओएसी हे नाव १९४० पासून १९७४ पर्यंत होतं, नंतर ती ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झाली. या काळात १४ ऑगस्टला शुक्रवार कधी येतो, हे कॅलेंडरवरून काढा. १९५० नंतर तो १९५३, १९५९, १९६४ आणि १९७० या चारच वर्षी येतो. आता जेटचा धागा घ्या. अटलांटिक ओलांडणारी बीओएसीची जेट सेवा ४ ऑक्टोबर १९५८ ला सुरू झाली, तेव्हा १९५३ बाद. आता मुक्कामाचं नाव बघा. न्यूयॉर्कच्या आयडलवाइल्ड विमानतळाला डिसेंबर १९६३ मध्ये केनेडी यांचं नाव दिलं गेलं. सामानाच्या टॅगवर आयडीएल ही अक्षरं असतील, तर १९६४ आणि १९७० गळतात आणि १९५९ उरतं. टॅगवर जेएफके असेल, तर उरलेल्या दोघांतून निवडावं लागेल. तिथे त्या काळचं छापील वेळापत्रक लागतं, कारण फ्लाइटचा क्रमांक आणि सुटण्याची वेळ दर हंगामाला थोडी बदलत असे. जुन्या वेळापत्रकांचे स्कॅन संग्राहकांनी मोठ्या प्रमाणात नेटवर ठेवले आहेत. वेळापत्रकात वाराऐवजी १ ते ७ आकडे दिसतील. त्यात १ म्हणजे सोमवार, ७ म्हणजे रविवार.

इतर काही खुणा पटकन सांगतो. भाड्याच्या हिशेबाच्या ओळीत ‘एनयूसी’ (भाडं मोजायचं एकक) असेल, तर तिकीट १९८९ किंवा त्यानंतरचं. ‘एफसीयू’ हे जुनं एकक असेल तर त्याआधीचं. मूळ पॅन ॲम कंपनीचं असेल, तर डिसेंबर १९९१ नंतरचं असू शकत नाही. मात्र फ्लाइट क्रमांकावर एकट्यावर विसंबू नका. तोच क्रमांक पंचवीस-तीस वर्षं एकाच मार्गावर चालू राहिल्याची उदाहरणं आहेत. वेष्टनावरच्या बोधचिन्हावरही नको. जुना साठा संपेपर्यंत वापरला जाई.

प्रश्न : आत्याच्या नावाच्या तिकिटावर ‘आयएनएफ’ आणि ‘एनएस’ अशी अक्षरं आहेत, आणि भाडं फारच कमी दिसतं. हे काय? शिवाय आडनावाचं स्पेलिंगही वेगळंच आहे.

उत्तर : ‘आयएनएफ’ म्हणजे दोन वर्षांखालचं बाळ. ‘एनएस’ म्हणजे त्याला वेगळी जागा दिलेली नाही, ते आईच्या मांडीवर. अशा बाळाला आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण दहा टक्के भाडं असे. दोन वर्षं पूर्ण झालेल्या, पण बारा पूर्ण न झालेल्या मुलाला ‘सीएचडी’ लिहीत आणि सर्वसाधारणपणे अर्धं भाडं घेत. म्हणजे प्रवासाची तारीख नक्की झाली, की आत्याच्या जन्माची मर्यादा आपोआप मिळते : त्या तारखेच्या आधीच्या दोन वर्षांच्या आतला जन्म. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पुढेमागे केलेली असेल, तर ते इथे उघड होतं.

भाड्याच्या सांकेतिक अक्षरांकडे लोक बघत नाहीत. आमच्या मते तिकिटावरची सगळ्यात मोलाची माहिती तीच. ‘एफ’ पहिला वर्ग, ‘वाय’ इकॉनॉमी, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यापुढे ‘आयडी’ आणि एखादा आकडा, उदाहरणार्थ ‘आयडी ९०’, असेल तर प्रवासी विमान कंपनीचा नोकर किंवा त्याच्या घरातला होता. ९० म्हणजे नव्वद टक्के सवलत. ‘एडी’ म्हणजे ट्रॅव्हल एजंटाची सवलत. ‘एसडी’ विद्यार्थी, ‘एससी’ जहाजावरचा खलाशी, ‘ईएम’ देशांतर करून जाणारा. ‘वायई’ आणि पुढे ४५ किंवा ९० सारखा आकडा म्हणजे ठरावीक दिवसांत परतायचं स्वस्त तिकीट, आकडा जास्तीत जास्त मुक्कामाच्या दिवसांचा. ‘तो कायमचा गेला’ असं घरात सांगत असतील आणि तिकीट ‘वायई ४५’ निघालं, तर तो जाताना बहुधा कायमचा गेला नव्हता. तिकडे राहायचं नंतर ठरलं.

शहराच्या नावाच्या डावीकडच्या अरुंद रकान्यात ‘एक्स’ असेल, तर तिथे फक्त विमान बदललं. ‘ओ’ असेल किंवा रकाना रिकामा असेल, तर तिथे थांबायची मुभा होती. अमुक शहरात आजोबा उतरले होते का, अशा वादाचा निकाल हा रकाना बहुधा लावतो. आरक्षणाच्या रकान्यात ‘ओके’ म्हणजे जागा पक्की, ‘आरक्यू’ म्हणजे मागितली आहे, ‘एसए’ म्हणजे जागा उरली तर. ‘आरक्यू’ असेल, तर लिहिलेल्या तारखेलाच प्रवास झाला असं गृहीत धरू नका.

स्पेलिंगचं म्हणाल तर ते कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं असतं. आडनाव आधी, मग तिरकी रेघ, मग नाव आणि शेवटी संबोधन असा क्रम असे. लांब नाव चौकोनात मावेनासं झालं, की मध्येच तोडत. ज्यांना आडनाव नाही त्यांच्या वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जाई, किंवा एकच नाव दोनदा लिहीत. कधी संबोधन नावाला चिकटून ‘एमआर’ हा नावाचाच भाग होऊन बसतो. शोधताना तिकिटावरचं स्पेलिंग, पासपोर्टवरचं, आणि नाव-आडनाव उलटं केलेलं, अशी तिन्ही रूपं वापरा.

प्रश्न : प्रवाशांच्या याद्या कुठे मिळतील? विमान कंपनीला पत्र लिहिलं तर देतील का?

उत्तर : कंपनीकडून आशा ठेवू नका. आरक्षणाच्या नोंदी प्रवास संपल्यावर थोड्याच काळात काढून टाकतात. तिकिटावरची पाच-सहा अक्षरांची आरक्षणाची खूणही पुन्हा दुसऱ्याला दिली जाते, तिने शोधून काही हाती लागत नाही. पॅन ॲमचे कागद मायामी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेले आहेत, पण असे संग्रह कंपनीच्या कारभाराचे असतात. वेळापत्रकं, जाहिराती, मार्ग यांच्यासाठी ते उत्तम.

याद्या सापडतात त्या उतरलेल्या देशाच्या सरकारकडे. १९४४ च्या शिकागो कराराच्या २९ व्या कलमानुसार प्रवासी नेणाऱ्या विमानात प्रवाशांची नावं, चढण्याचं आणि उतरण्याचं ठिकाण यांची यादी बरोबर ठेवावी लागे. ती जपायची की नाही, हे मात्र ज्या त्या देशाने ठरवलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विमानाने आलेल्या प्रवाशांच्या याद्यांच्या मायक्रोफिल्म आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत बघता येतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही विमानाने आलेल्यांच्या नोंदी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या विस्थापितांसाठी जर्मनीतलं आरोल्सन अभिलेखागार बघा. ब्रिटनच्या प्रवासी याद्यांच्या बीटी २६ आणि बीटी २७ या प्रसिद्ध मालिका १९६० पर्यंतच्या, पण त्या जहाजांच्या. विमानाने गेलेला माणूस तिथे शोधण्यात लोकांचे महिने जातात.

शोधताना नावापासून सुरुवात करू नका. हस्ताक्षरातल्या याद्यांची सूची करताना नावं वाचण्यात चुका झालेल्या असतात. तारीख, विमानतळ आणि फ्लाइट नक्की करून त्या दिवसाची यादी पानापानाने वाचा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे शेवटच्या मुक्कामाच्या शहरात शोधणं. यादी देशात पहिल्यांदा जिथे उतरले तिथली असते. शिकागोला जाणाऱ्याचं नाव न्यूयॉर्कच्या यादीत निघेल, सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्याचं होनोलुलूच्या.

प्रश्न : तिकिटावर १४ तारीख आणि पासपोर्टवर १६ चा शिक्का. दोन वेगळे प्रवास असतील का?

उत्तर : बहुधा एकच. तिकिटावर निघण्याची स्थानिक तारीख असते, शिक्का उतरण्याचा. पंख्याच्या विमानांच्या काळात लांबचा प्रवास दोन-तीन दिवस चाले, आणि पॅसिफिकमध्ये तारीखरेषा ओलांडली की एक दिवस वाढतो किंवा घटतो. शिक्का तिकिटाच्या आधीचा दिसला, तरी तारीखरेषेचा विचार करूनच निर्णय घ्या. शिवाय अमेरिकेच्या पद्धतीत महिना आधी लिहितात. थायलंडच्या शिक्क्यात बौद्ध वर्ष असेल, तर ५४३ वजा करा. जपानी शोवा वर्षात १९२५ मिळवा, म्हणजे शोवा ३९ हे १९६४.

प्रश्न : पासपोर्टमध्ये लसीकरणाचं पिवळं पुस्तक सापडलं. ते ठेवावं का?

उत्तर : नक्की ठेवा. पासपोर्ट नूतनीकरणात जमा झाला, तरी हे पुस्तक घरी राहतं, आणि हरवलेल्या पासपोर्टाची जागा काही अंशी भरून काढतं. त्यात नाव, सही, बहुतेक वेळा जन्मतारीख आणि प्रत्येक टोचणीचा शिक्का असतो. देवीच्या लसीचं प्रमाणपत्र तीन वर्षं चाले, कॉलऱ्याचं फक्त सहा महिने. म्हणून कॉलऱ्याची प्रत्येक नोंद एखाद्या ठरलेल्या प्रवासाच्या जवळची असते. त्या तारखांच्या पुढच्या सहा महिन्यांत तिकीट, पत्र, फोटो काय सापडतं ते बघा. पीतज्वराची लस दिसली, तर आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेकडचा मार्ग असण्याची शक्यता मोठी. देवीचं निर्मूलन झाल्याचं मे १९८० मध्ये जाहीर झालं, त्यामुळे देवीच्या नोंदी असलेली पुस्तकं जवळजवळ सगळी त्याआधीची.

प्रश्न : अलीकडचे बोर्डिंग पास कोरे पडत चाललेत, आणि जुन्या तिकिटांचा लाल रंग एकमेकांना लागतोय. काय करावं?

उत्तर : बोर्डिंग पास आधी स्कॅन करा, आजच. तो थर्मल कागद असतो. उष्णता, उजेड आणि पीव्हीसीच्या पाकिटातलं रसायन यांनी अक्षरं उडतात आणि परत येत नाहीत. लॅमिनेशन करू नका, त्या उष्णतेने अख्खा पास काळा पडतो. चौकोनी बारकोड असेल, तर तोही स्पष्ट येऊ द्या. त्यात प्रवासाचा दिवस वर्षातल्या क्रमांकाने असतो. १४ ऑगस्ट म्हणजे २२६, लीप वर्षात २२७. छापील तारीख आणि हा क्रमांक दोन्ही माहीत असले, तर लीप वर्ष होतं की नाही एवढं तरी कळतं. मात्र हयात माणसाच्या पासचा बारकोड नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात नाव आणि आरक्षणाची खूण असते.

कार्बनच्या तिकिटांना लागलेल्या पिना गंजलेल्या असतात. त्या ओढून काढू नका. पिनेचे पाय मागून पातळ, बोथट पात्याने उभे करा आणि मग सोडवा. प्रत्येक पानामध्ये आम्लरहित कागद घाला, कार्बनची बाजू दुसऱ्या लिखाणाला टेकू देऊ नका. सेलोटेप लावू नका. पाकिटं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. स्कॅन रंगीत, ६०० डीपीआय, दोन्ही बाजूंनी, आणि वेष्टनाचाही, कारण तिथे पेन्सिलीने कुणाचा तरी पत्ता किंवा फोन खरडलेला असतो. पुसट लाल अक्षरं वाचायची, तर फोटोच्या प्रोग्राममध्ये फक्त हिरवा किंवा निळा चॅनेल उघडा. लाल अक्षरं तिथे काळी उठून दिसतात. मूळ कागदावर अक्षरं पेनने गिरवू नका. गिरवलेल्या ३ आणि ८ मधला फरक नंतर कुणालाच सांगता येत नाही.